विश्लेषण : 'संरक्षित' फलक लागला म्हणजे मंदिर वाचले का? मार्कंडा ते आर्मेनिया, दगडी वारशाचा हिशेब…

गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडादेवचा मंदिरसमूह उभा आहे. 'विदर्भाची काशी' आणि 'विदर्भाचे खजुराहो' अशी दोन बिरुदे मिरवणारे हे ठिकाण केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे. गेल्या दशकात दुरुस्तीसाठी मुख्य मंदिराच्या शिखराचे दगड खाली उतरवण्यात आले आणि त्यानंतर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या भाविकांना शिखराऐवजी पहाड बांधलेले मंदिर आणि आवारात मांडून ठेवलेले कोरीव दगड पाहावे लागले. लोकप्रतिनिधींची निवेदने झाली, आंदोलनेही झाली. या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न पुढे आला. एखादी वास्तू 'संरक्षित' होते, तेव्हा तिला नेमके काय मिळते? आणि काय मिळत नाही?

मार्कंडा मंदिरसमूहाचे महत्त्व काय?

वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदीचा काठ पवित्र मानला जातो, त्यामुळे तीर्थ म्हणून या जागेची ख्याती जुनी आहे. एकाच आवारात लहानमोठ्या अनेक मंदिरांची दाटी, मध्ये मार्कंडेय ऋषींच्या नावाने ओळखले जाणारे शिवमंदिर आणि नदीच्या बाजूला दशावतारांच्या मूर्तींची ओवरी अशी येथील रचना आहे. ही मंदिरे साधारण नवव्या ते बाराव्या शतकातील मानली जातात.

विदर्भात जुने दगडी देऊळ दिसले की त्याला सरसकट 'हेमाडपंती' म्हणण्याची सवय आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. मार्कंडाची मंदिरे त्याच्याही आधीची आणि मध्य भारतातील नागर शैलीच्या घराण्यातली आहेत. उंच जोते, भिंतींवर एकावर एक चढत जाणाऱ्या मूर्तींच्या रांगा आणि वर निमुळते होत जाणारे शिखर ही त्यांची ओळख आहे. खजुराहोशी तुलना होते ती याच कारणाने.

या मंदिरावर संकटही पहिल्यांदाच आलेले नाही. अठराव्या शतकात मुख्य मंदिरावर वीज पडली, शिखराचा वरचा भाग कोसळला आणि त्याखाली मंडपाचे छत फुटले, अशी नोंद आहे. नंतर छताला आधार म्हणून जाडजूड खांब घातले गेले. ही डागडुजी गोंड राजाने केली असे सांगितले जाते. ती ओबडधोबड होती, पण तिच्यामुळे उरलेले मंदिर टिकले.

मार्कंडा आणि आर्मेनियाचा दुवा कोणता?

भारतीय पुरातत्त्व खात्याचे संस्थापक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या सुमारास मध्य प्रांताचा दौरा केला आणि मार्कंडाचे सविस्तर वर्णन लिहिले. त्यांचे सहायक जोसेफ डेव्हिड बेगलर हे अभियंते आणि छायाचित्रकार होते. त्यांचे पूर्ण आडनाव मेलिक-बेगलर, आणि ते भारतात स्थायिक झालेल्या आर्मेनियन समाजातले. त्याच दौऱ्याच्या काळात त्यांनी टिपलेली मार्कंडाची छायाचित्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आर्मेनियन व्यापारी भारतात अनेक शतके वावरले. मुंबईच्या फोर्ट भागात १७९६ मध्ये उभे राहिलेले आर्मेनियन चर्च हा त्याचाच पुरावा. पण विदर्भाच्या दृष्टीने बेगलर यांची छायाचित्रे अधिक मोलाची आहेत. कोणता दगड कुठे होता, कोणती मूर्ती तेव्हाच भंगलेली होती, वीज पडल्यानंतर शिखर कितपत उरले होते, हे प्रश्न जेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांपुढे येतात तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीचे छायाचित्र हाच साक्षीदार असतो. आणि योगायोग असा की ज्या समाजातून बेगलर आले, त्या समाजाच्या मूळ भूमीतही नेमका हाच प्रश्न आजवर सतत उभा राहिला आहे.

'संरक्षित' म्हणजे कायद्याने काय होते?

भारतात संरक्षणाचे तीन वेगवेगळे स्तर आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पहिला स्तर राज्याचा. महाराष्ट्राचा यासाठी १९६० चा स्वतंत्र कायदा आहे. दुसरा केंद्राचा. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा, १९५८ खाली 'राष्ट्रीय महत्त्वाची' ठरलेली सुमारे ३,७०० स्मारके केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. मार्कंडा त्यांतले एक. विदर्भातील अशा स्मारकांची जबाबदारी खात्याच्या नागपूर मंडळाकडे आहे. तिसरा स्तर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीचा. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीपासून २०२५ मध्ये समाविष्ट झालेल्या मराठा किल्ल्यांपर्यंत महाराष्ट्राची अनेक स्थळे या यादीत आहेत, मात्र विदर्भातील एकही वास्तू तिच्यात नाही.

केंद्रीय संरक्षण मिळाले की स्मारकाची मोडतोड हा गुन्हा ठरतो. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम करता येते. त्यासाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले.

बारकाईने पाहिले तर लक्षात येते की कायद्याचा सारा जोर 'काय करू नये' यावर आहे. गावकऱ्याने खोली वाढवू नये, देवस्थानाने फरशी बसवू नये, भक्ताने भिंतीला रंग देऊ नये. पण खात्याने दुरुस्ती किती दिवसांत पूर्ण करावी, उतरवलेले दगड किती काळ जमिनीवर राहू शकतात, याची कालमर्यादा कायदा घालत नाही. बंदी तात्काळ लागू होते. देखभाल मात्र निधी, मनुष्यबळ आणि इच्छाशक्ती यांवर सोडलेली असते.

मग संरक्षित स्मारके हरवतात कशी?

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालाने देशाला धक्का दिला. प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ स्मारकांपैकी ९२ जागेवर आढळलीच नाहीत. पुढे त्यातील ४२ स्मारके सापडल्याचे खात्याने सांगितले. उरलेल्या ५० पैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ जलाशयांखाली बुडाली आणि २४ चा पत्ता लागला नाही, अशी माहिती २०२२ मध्ये संसदीय समितीपुढे आली. २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याची प्रक्रिया सुरू झाली.

याचे एक कारण साध्या आकड्यांत आहे. त्या वेळच्या ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी केवळ २४८ ठिकाणी मिळून २,५७८ सुरक्षा कर्मचारी तैनात होते. ताजमहाल किंवा अजिंठ्याला तिकीट विक्री आणि पर्यटक मिळतात, म्हणून पहाराही मिळतो. नदीकाठच्या, जंगलाच्या कडेच्या देवळाला मिळतो तो निळा फलक. मार्कंडाचे मंदिर हरवणार नाही, कारण तेथे रोज पूजा होते आणि गाव जागे आहे. मात्र तेथेही दुसरा धोका आहेच : वास्तू जागेवर असणे आणि ती मूळ रूपात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिखर उतरवून पुन्हा चढवणे इतके अवघड का?

घराची भिंत पाडून पुन्हा बांधता येते, कारण विटा एकसारख्या असतात. मध्ययुगीन शिखरातला प्रत्येक दगड वेगळा असतो. समोरची बाजू कोरीव, मागची ओबडधोबड आणि खालची बाजू त्याखालच्या दगडाच्या मापाने घासलेली. चुन्याचा आधार नाममात्र किंवा शून्य. सारे काही वजनावर आणि सांध्यावर उभे. काही ठिकाणी दोन दगड धरून ठेवायला लोखंडी पट्ट्या घातलेल्या असतात. शतकानुशतके पाणी मुरून हे लोखंड गंजते, फुगते आणि आतून दगडच फोडते. फटींत पिंपळ-वडाची रोपे रुजतात, मुळे जाड होतात आणि थर सरकतात. अशा वेळी वरवर सांधे भरून भागत नाही. दगड उतरवावेच लागतात.

उतरवण्यापूर्वी प्रत्येक दगडावर क्रमांक, प्रत्येक थराचा नकाशा आणि चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावी लागतात. उतरवलेला दगड त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवावा लागतो. पुढचा टप्पा अधिक कठीण. तुटलेला दगड जोडायचा की बदलायचा, बदलायचा तर तशाच जातीचा दगड कोणत्या खाणीतून आणायचा, आणि तो घडवणारे पाथरवट कोठून आणायचे? टाकी-हातोड्याने मूर्तिकामाच्या तोडीचे काम करणारे कारागीर आता मोजकेच आहेत. त्यात पावसाळ्याचे महिने काम थांबते आणि सरकारी निधी आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालतो.

जितका उशीर, तितकी जोखीम वाढते. जमिनीवरचा दगड ओल शोषतो, रंगाने लिहिलेले क्रमांक पुसट होतात, काम माहीत असलेले अधिकारी आणि कारागीर बदलून जातात. शिखर नसलेल्या गाभाऱ्यावर पाऊस थेट पडतो. म्हणूनच या क्षेत्रातील जाणकार सांगतात, की दगड उतरवण्याचा निर्णय पुन्हा चढवण्याची पूर्ण तयारी झाल्यावरच घ्यावा.

हे अशक्य नाही, याची उदाहरणे देशातच आहेत. मध्य प्रदेशातील मुरैना जिल्ह्यात बटेश्वर येथे सुमारे २०० लहान मंदिरे दगडांचा ढीग होऊन पडली होती. पुरातत्त्व खात्याचे अधिकारी के. के. मुहम्मद यांच्या पुढाकाराने २००५ पासून त्यातील सुमारे ८० मंदिरे मूळ दगडांतूनच पुन्हा उभी राहिली. श्रीशैलम धरणाच्या पाण्यात जाणारे कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर दगडान् दगड सोडवून आलमपूरला नेण्यात आले.

आर्मेनियाच्या चर्चवास्तूंकडून काय शिकता येईल?

मार्कंडाची मंदिरे घडत होती त्याच काळात, दहाव्या-अकराव्या शतकांत, आर्मेनियन राज्यांत दगडी चर्च आणि मठांचा बहर आला होता. हाघपत मठाचे मुख्य चर्च ९७६ ते ९९१ दरम्यान बांधले गेले. आता तुर्कस्तानात असलेल्या आनी नगरीचे भव्य कॅथेड्रल १००१ मध्ये पूर्ण झाले. त्याचा स्थपती त्रदात इतका नावाजलेला होता, की भूकंपाने पडलेला कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा घुमट सावरण्यासाठी त्यालाच बोलावण्यात आले. शंकूच्या आकाराची टोपी घातलेला घुमट, टफ या ज्वालामुखीजन्य दगडाच्या दोन पातळ भिंती आणि मधल्या पोकळीत चुना-दगडांचा भराव, अशी ही पद्धत. आपल्याकडच्या वजनावर तोललेल्या शिखरापेक्षा तंत्र वेगळे, पण भूकंप, ओल आणि माणसांचे दुर्लक्ष हे शत्रू तेच.

आर्मेनियन वारशाची खरी अडचण आणखी वेगळी आहे. त्यातील बरीच मध्ययुगीन चर्चे आज आर्मेनियाच्या सीमेबाहेर, तुर्कस्तान, इराण आणि अझरबैजान या देशांत आहेत. त्यांचे काय झाले याच्या तीन कहाण्या बोलक्या आहेत.

पहिली इराणची. झोरझोर येथील चौदाव्या शतकातील चॅपल धरणाच्या पाण्याखाली जाणार होते. १९८७-८८ मध्ये इराणने त्याचा प्रत्येक दगड क्रमांक घालून सोडवला आणि सुमारे ६०० मीटर अंतरावर पुन्हा उभारला. २००८ मध्ये इराणमधील आर्मेनियन मठसमूहांसोबत हे चॅपलही जागतिक वारसा यादीत गेले. काम काटेकोर असेल तर जागा बदलूनही वारसा वारसाच राहतो.

दुसरी आर्मेनियाचीच. गार्नी येथील ख्रिस्तपूर्व परंपरेचे स्तंभमंदिर १६७९ च्या भूकंपात कोसळले. जवळपास तीनशे वर्षे दगड पडून होते. १९६९ ते १९७५ दरम्यान स्थपती अलेक्झांडर साहिन्यान यांनी ते उभे केले. जेथे मूळ दगड मिळाला नाही तेथे कोरीवकाम न करता साधा दगड बसवला. आजही जुने कोणते आणि नवे कोणते, हे पाहणाऱ्याला चटकन कळते.

तिसरी कहाणी नाशाची आहे. अझरबैजानच्या नखचिवान प्रांतातील जुल्फा येथे हजारो 'खाचकार' होते. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली उभी शिळा. आपल्याकडच्या वीरगळांसारखीच ती स्मृतिशिळा. २००५ च्या अखेरीस ही दफनभूमी सपाट करण्यात आली. अझरबैजानने आरोप फेटाळले. पण २०१० मध्ये अमेरिकेतील विज्ञान संघटनेने २००३ आणि २००९ ची उपग्रहचित्रे शेजारी ठेवली तेव्हा शिळांची जागा रिकामी दिसली. त्या शिळा आज जगाला माहीत आहेत त्या मुख्यतः अर्गाम ऐवाझ्यान यांच्यामुळे. त्यांनी १९६४ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्या प्रांतातील वास्तूंची छायाचित्रे घेतली होती.

तिन्ही कहाण्यांचा धागा एकच आहे : नोंद. नोंद असेल तर उतरवलेली वास्तू चढवता येते, जुने-नवे वेगळे ओळखता येते आणि वास्तू नष्ट झाली तरी ती होती हे सिद्ध करता येते.

मंदिर नव्यासारखे करून टाकले तर काय बिघडले?

रखडलेल्या कामाने कंटाळलेला माणूस सहज म्हणतो, एवढे दिवस वाट पाहण्यापेक्षा नवे शिखर बांधून टाका. हा मोह महागात पडतो. वास्तुसंवर्धनाची जगभर मानली जाणारी १९६४ ची व्हेनिस सनद सांगते, की पडलेले मूळ भाग पुन्हा बसवावेत, अंदाजाने नवे रचू नये आणि नवा भाग वेगळा ओळखू यावा. जॉर्जियातील बाग्राती कॅथेड्रलची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी झाली. परिणामी २०१७ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीतून बाहेर काढले. इमारत देखणी झाली, पण अस्सलपणा गेला.

बेगलर यांच्या वाट्यालाही हा प्रश्न आला होता. १८८० च्या दशकात बोधगयेच्या महाबोधी मंदिराचा जीर्णोद्धार त्यांच्या देखरेखीखाली झाला. ढिगाऱ्यात सापडलेल्या मंदिराच्या छोट्या दगडी प्रतिकृतीचा त्यांनी आधार घेतला. पडणारे मंदिर उभे राहिले, पण त्यात जुने किती आणि नवे किती, ही चर्चा आजही थांबलेली नाही.

विदर्भात हा धोका गावोगावी दिसतो. जुन्या भिंतींना ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत टाइल्स, मंडपापुढे पत्र्याची शेड. हेतू भक्तीचा असतो, पण रंगाखाली शिलालेख बुजतात आणि सिमेंटमुळे दगडातली ओल आतच कोंडली जाते. रामटेकच्या टेकडीवरील केवल नरसिंह मंदिराचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. पाचव्या शतकातील या मंदिराच्या भिंतीवरचा वाकाटककालीन शिलालेख गिलाव्याखाली दडलेला होता. १९८० च्या दशकात तो उजेडात आला आणि प्रभावतीगुप्तेच्या घराण्याच्या इतिहासात मोलाची भर पडली. गिलाव्याऐवजी कोणी भिंतच पाडून नवी बांधली असती, तर ते पान कायमचे फाटले असते.

भाविक आणि पुरातत्त्व खाते यांचे जमत का नाही?

मार्कंडा हे 'जिवंत' स्मारक आहे. संरक्षण मिळाले तेव्हा जेथे पूजाअर्चा चालू होती तेथे ती चालू राहते, हा कायद्याचा मूळ नियम आहे. त्यामुळे एकाच वास्तूला दोन मालक वाटतात. खात्याच्या लेखी ती इतिहासाचा दस्तऐवज, भाविकांच्या लेखी देवाचे घर. घराचे छप्पर वर्षानुवर्षे उघडे राहिले तर घरातली माणसे चिडणारच. शिवाय १०० आणि २०० मीटरचे बंधन गावकरी सोसतात. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२३ मध्ये या सरसकट नियमाचा फेरविचार सुचवला. स्मारकाच्या नावाने मला घर वाढवता येत नाही आणि स्मारकाची दुरुस्तीही होत नाही, अशी भावना एकदा रुजली, की संरक्षणाचा सर्वात मोठा आधार, म्हणजे गाव, दुरावतो.

पुढे काय व्हायला हवे?

यातील बरेच उपाय नवा कायदा न करता शक्य आहेत. एक, दगड उतरवण्याचे काम हाती घेतानाच ते पूर्ण करण्याचे वेळापत्रक, मंजूर निधी आणि टप्पे मंदिराच्या आवारात मराठीत फलकावर लावावेत. शिक्षेचा फलक लागतो, तसा जबाबदारीचाही लागावा. दोन, दगडांची त्रिमितीय मोजणी आणि जुनी छायाचित्रे यांचा संच नागपूर मंडळाने अभ्यासकांसाठी खुला करावा. तीन, विदर्भातील तरुण पाथरवटांना प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण द्यावे. केंद्राच्या २०१४ च्या संवर्धन धोरणातही पारंपरिक कारागिरांना स्थान दिलेले आहे. चार, देवस्थान, ग्रामपंचायत आणि खाते यांची ठरावीक काळाने बैठक व्हावी, म्हणजे यात्रेच्या तोंडावर आंदोलनाची वेळ येणार नाही.

आर्मेनियन वास्तूंचा अनुभव सांगतो, की सीमा बदलतात, राज्ये जातात, भूकंप येतात. तरीही नोंद नीट ठेवली आणि सांभाळणारी माणसे असली तर दगड पुन्हा उभे राहतात. मार्कंडाला शत्रू सैन्याची किंवा भूकंपाची भीती नाही. तेथे प्रश्न फक्त कामाचा आहे. 'संरक्षित' या शब्दाचा अर्थ 'हात लावू नका' एवढाच राहणार, की 'हे वेळेत सांभाळून देणे आमचे काम आहे' असाही होणार, यावर मार्कंडाचेच नव्हे तर विदर्भातील अनेक दगडी देवळांचे भवितव्य ठरेल.